आर्वीची तबकडी आणि ओतूरचे पत्र : जुन्नर-आंबेगावची बातमी कोणी सांगितली?

१/१८
इ.स. १९७१. जुन्नर तालुक्यातील आर्वी या गावी भारताचे पहिले व्यावसायिक उपग्रह भू-केंद्र सुरू झाले. पुढे विक्रम साराभाई यांच्या स्मरणार्थ त्याला ‘विक्रम’ हे नाव मिळाले. परदेशाशी चालणारे दूरध्वनी आणि टेलेक्स येथील प्रचंड तबकडीवरून ये-जा करू लागले. म्हणजे जगाची वार्ता भारतात शिरताना जुन्नरच्या माळरानावरून शिरत होती. मात्र त्याच तालुक्यातल्या, आणि शेजारच्या आंबेगावातल्या, एखाद्या वाडीची वार्ता जगापर्यंत जाण्याची सोय त्या तबकडीत नव्हती. ती वार्ता कोणी, कशी आणि कोणती किंमत मोजून बाहेर नेली, याचा मागोवा घेणारा हा थ्रेड.

२/१८
जुन्नर हे मुळातच वाटेवरचे गाव. सातवाहन काळात कोकणच्या बंदरांकडून येणारा व्यापार नाणेघाट चढून येथे पोहोचत असे. घाटातील लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. त्यात यज्ञ आहेत, दक्षिणा आहे, राजकुलाची नावे आहेत. घाटातून ओझी वाहणाऱ्या माणसांविषयी त्यात काही नाही. शिलालेख खोदून घेण्याची ऐपत राजघराण्याकडे होती, हमालाकडे नव्हती. वार्तेच्या इतिहासात हे गणित पुन्हा पुन्हा भेटते. माध्यम ज्याच्या खर्चाने चालते, त्याचा विषय आधी नोंदला जातो. दगड जाऊन तार आली, तरी हा नियम बदलला नाही.

३/१८
तारेचा काळ पाहू. रॉयटरने मुंबईत कार्यालय थाटले ते १८६६ साली. चारच वर्षांनी लंडनची रॉयटर, पॅरिसची हावास आणि बर्लिनची वोल्फ या तीन वृत्तसंस्थांनी करार करून जगभरच्या बातम्यांचा व्यापार आपसांत वाटून घेतला. ब्रिटिश साम्राज्य रॉयटरच्या वाट्याला आले. त्याच १८७० साली समुद्राखालून टाकलेली तार मुंबईला येऊन पोहोचली. तारेने शब्द पाठवणे अत्यंत महाग होते. म्हणून तारेवरून जात ते कापसाचे भाव, लढाया, लाटसाहेबांचे दौरे. शेतकऱ्याचे कर्ज किंवा कुळाचा खंड यांना त्या दरात जागा नव्हती. दुष्काळ मृत्यूच्या आकड्यापर्यंत पोहोचला, की मग त्याची तार जाई.

४/१८
मग अशा मुलुखाची बातमी व्हायची तरी कधी? काहीतरी पेटले की. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि ‘दख्खनचे दंगे’ सरकारदरबारी गाजले. चौकशी आयोग बसला, १८७९ चा शेतकरी संरक्षणाचा कायदा झाला. याच सुमारास आजच्या आंबेगाव तालुक्यातील जांभोरीचा होन्या केंगले हा महादेव कोळी तरुण सह्याद्रीत सावकारांविरुद्ध उठला होता. मेजर डॅनियलच्या तुकडीने १८७६ मध्ये त्याला पकडले. त्याची हकिकत आपल्याला मुख्यतः सरकारी कागदांतून कळते, आणि त्या कागदांत तो दरोडेखोर आहे. त्याच्या बाजूने लिहिणारा वार्ताहर त्या डोंगरात नव्हता.

५/१८
पुढच्याच वर्षी १८७६–७८ चा भीषण दुष्काळ कोसळला. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील मजुरीचे प्रमाण दिवसाला सुमारे एक पौंड धान्याइतके खाली आणले. हे पुरते, असे सरकार म्हणत होते. पुरत नाही, हे सिद्ध कोणी करायचे? येथे पुणे सार्वजनिक सभेने एक नवी गोष्ट केली. १८७० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे ‘सार्वजनिक काका’ यांच्या पुढाकाराने दुष्काळी भागांतून आपली माणसे कामाला लावली. जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि तिचे वृत्तान्त लिहून सरकारला धाडले. सरकारी आकड्यासमोर नागरिकांनी जमवलेला आकडा उभा करण्याची ही पद्धत होती. पर्यायी वृत्तसंस्थेचे बीज शोधायचे तर ते इथे सापडते.

६/१८
परंतु या दुष्काळाचे जुन्नरमधील सर्वांत जिवंत वृत्त सभेच्या कागदांत नाही. ते एका खासगी पत्रात आहे. २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिले. सावित्रीबाई सत्यशोधक कार्यकर्त्यांसह दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी त्या भागात होत्या. वर्ष सरले तरी दुष्काळ सरलेला नाही, जनावरे पडत आहेत, माणसे गाव सोडून जात आहेत, सावकार या अडचणीचा फायदा उचलत आहेत, असे त्या कळवतात. मदतीसाठी कार्यकर्त्यांनी समित्या नेमल्याचेही सांगतात. पत्राचा सूर तक्रारीचा नाही. एखाद्या जबाबदार वार्ताहराने पाहिले, मोजले आणि कळवले, असा तो आहे.

७/१८
या पत्रातील पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. सावकारांच्या कारवायांमुळे गावात तंटा पेटला आणि सत्यशोधक कार्यकर्त्यांनाच अटक झाली. सावित्रीबाई कलेक्टरला भेटल्या, प्रत्यक्षात काय घडले ते त्यांनी निर्भीडपणे सांगितले. कार्यकर्ते सुटले आणि गोऱ्या अधिकाऱ्याने ज्वारीच्या बैलगाड्या मदतीला पाठवल्या. म्हणजे एका खऱ्या वृत्तामुळे माणसे तुरुंगातून बाहेर आली आणि धान्य गावात आले. बातमीचे मोल याहून वेगळे काय असते? हे पत्र तेव्हा छापलेले नव्हते. आज ते आपल्याला मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ या ग्रंथात वाचता येते. त्याच मे महिन्यात धनकवडीच्या व्हिक्टोरिया बालाश्रमासाठी जोतीरावांनी लोकांकडे मदत मागितली.

८/१८
पत्र हातोहात जाते. चळवळीला वर्तमानपत्र लागते. ते याच वर्षी निघाले होते. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव पांडुरंग भालेकर यांनी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची. त्यानंतर चारएक वर्षांत शेतकरी-कष्टकऱ्यांच्या बाजूने बोलणारे साप्ताहिक हाती आले. वर्गणीदार थोडे, बहुसंख्य वाचकवर्ग निरक्षर, जाहिराती जवळजवळ नाहीत. त्यात १८७८ साली लॉर्ड लिटनने देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा आणला. आर्थिक ओढाताणीने भालेकरांना पत्र चालवणे अशक्य झाले. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईहून पुन्हा चालू केले.

९/१८
‘दीनबंधु’ची बातमी कशी बने? पुण्या-मुंबईत बसलेला पगारी वार्ताहर तिच्यामागे नव्हता. गावोगावचे सत्यशोधक पाटील, शिक्षक, छोटे कंत्राटदार पत्रे धाडत. सभा कोठे झाली, पुरोहिताशिवाय लग्न कोणी लावले, सावकाराने कोणाची जमीन घेतली, असा मजकूर त्यांत असे. वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास, अशा रीतीने अंक गावात फिरे. लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली तेव्हा हेच पत्र कामगारांचेही झाले. गिरणीत राबणारा मजूर याच घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या गावांतून आलेला होता. गाव आणि गिरणी यांची बातमी प्रथमच एका पानावर आली.

१०/१८
या पत्राचे गुणगान करून थांबणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. १८८३ मध्ये जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’ने छापली आणि पुढची थांबवली. मजकूर सरकारला आणि इतरांना झोंबणारा होता. आपल्याच चळवळीच्या पत्राने हात आखडता घेतल्याचा राग जोतीरावांनी लपवला नाही. मग त्यांनी काय केले? हस्तलिखित घेऊन ते माणसांपुढे गेले. पुणे, मुंबई, ठाणे, हडपसर, वांगणी या ठिकाणी त्यांनी ते वाचून दाखवले. त्या यादीत आणखी दोन नावे आहेत : जुन्नर आणि ओतूर.

११/१८
वाचनाला जुन्नर-ओतूर का? कारण तेथे ऐकणारे संघटित होते. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटील यांनी भटजीशिवाय लग्न लावले तेव्हा ग्रामजोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी दावा लावला. प्रकरण न्यायालयात लढवले गेले. १८८४-८५ च्या सुमारास जुन्नर तालुक्यातील कुळांनी खंड कमी व्हावा म्हणून सावकार-जमीनदारांच्या जमिनी कसण्याचेच नाकारले. हा संप होता, आणि संप म्हणजे उपासमारीशी केलेला जुगार. एका गावाने धरले आणि शेजारच्या गावाला कळलेच नाही, तर तो आठवड्यात मोडतो. म्हणून सभा, पत्रे, साप्ताहिकाचे अंक आणि जाहीर वाचने यांना जिवाचे मोल होते.

१२/१८
आता एक गमतीची गोष्ट. त्या काळातील अनेक लहान मराठी पत्रांचे अंक आज सलग मिळत नाहीत. कागद हलका, ग्रंथालयांना आस्था नव्हती, वाळवी मात्र तत्पर. तरीही त्यांत काय लिहिले जात होते याचा अंदाज इतिहासकारांना येतो, तो सरकारच्या पाळतीमुळे. देशी पत्रांत काय छापले जाते हे कळावे म्हणून मुंबई सरकार दर आठवड्याला निवडक मजकुराचे इंग्रजी सारांश तयार करून घेई. ज्यांनी आवाजावर नजर ठेवली त्यांच्याच दप्तरात तो आवाज टिकून राहिला. अर्थात, सारांश करणाऱ्याला जे धोक्याचे वाटले तेवढेच टिकले. बाकीचे गेले. अशा साधनांतून लिहिताना ही चाळणी विसरून चालत नाही.

१३/१८
विसाव्या शतकात हीच धडपड दोन अंगांनी पुढे गेली. एक अंग खेड्याचे. भालेकरांचे पुत्र आणि दत्तक गेल्यामुळे पाटील झालेले मुकुंदराव यांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ चालवला, तोही अहमदनगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून, आणि १९६७ पर्यंत. दुसरे अंग वृत्तसंस्थेचे. रॉयटरच्या पंखाखालील वृत्तसंस्थेला पर्याय म्हणून एस. सदानंद यांनी मुंबईतून ‘फ्री प्रेस ऑफ इंडिया’ उभी केली. सरकारी जामीन-जप्तीच्या माऱ्याखाली ती १९३५ साली बंद पडली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७ मध्ये, प्रेस ट्रस्ट ऑफ इंडियाची नोंदणी झाली आणि १९४९ पासून तिने देशातील काम रॉयटरच्या हातून घेतले.

१४/१८
स्वतंत्र झालेल्या देशांना लवकरच उमगले की झेंडा बदलला तरी तार बदललेली नाही. आफ्रिकेतील बातमी आशियात पोहोचे ती लंडन, पॅरिस किंवा न्यूयॉर्कमार्गे. म्हणून १९६४ मध्ये रोबेर्तो साव्हियो आणि पाब्लो पियाचेंतिनी यांनी रोममध्ये ‘इंटर प्रेस सर्व्हिस’ स्थापन केली. १९६७ मध्ये डेरेक इन्ग्रॅम यांनी लंडनमध्ये ‘जेमिनी’ सुरू केली. या संस्था रॉयटरशी वेगात स्पर्धा करत नव्हत्या. पूर आला हे सांगून त्या थांबत नसत. धरण कोणासाठी बांधले, कर्ज कोणी दिले, विस्थापित कोठे गेले, हे त्या विचारत, आणि लिहिणारा शक्यतो त्याच देशाचा असे. पुढे स्त्रियांच्या लेखणीसाठी ‘विमेन्स फीचर सर्व्हिस’ निघाली. तिचे केंद्र कालांतराने दिल्लीला आले.

१५/१८
सरकारांनीही पर्याय काढला. जुलै १९७६ मध्ये दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची परिषद भरली आणि त्यांच्या वृत्तसंस्थांच्या सामायिक ‘पूल’ला आकार आला. पश्चिमेची मक्तेदारी मोडण्याची भाषणे झाली. ही भाषणे झाली त्या दिल्लीत आणीबाणी चालू होती. त्याच वर्षाच्या आरंभी देशातील चारही वृत्तसंस्था एकत्र कोंबून ‘समाचार’ नावाची एकच संस्था बनवली गेली होती. ती १९७८ मध्ये पुन्हा विलग झाली. ‘पूल’वरून बहुधा मंत्र्यांची निवेदने वाहत राहिली. १९८० च्या मॅकब्राइड आयोगाने ‘अनेक आवाज, एक जग’ अशी मांडणी केली. पण आवाज सरकारचा की समाजाचा, हा प्रश्न उरलाच. ‘दीनबंधु’च्या वाचकाला तो अगदी ओळखीचा वाटला असता.

१६/१८
आता आंबेगावात येऊ. कुकडी प्रकल्पात घोड नदीवर डिंभे धरण झाले. पाणी खालच्या बागायतीला गेले, बुडाल्या त्या वरच्या महादेव कोळी आणि इतर आदिवासींच्या जमिनी. धरणाची सरकारी बातमी हेक्टर आणि घनमीटरमध्ये सांगता येते. बुडालेल्यांची बातमी सांगायला तेथे राहावे लागते. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने ते केले. उतारावर हातांनी भातखाचरे बांधण्याची ‘पडकई’ ही जुनी सामूहिक रीत रोजगार हमीच्या कामात आणण्यासाठी, आणि जलाशयातील मासेमारीचा हक्क आदिवासींच्या सहकारी संस्थेला मिळावा म्हणून त्यांनी काम केले. २०१२ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांशी संलग्न ‘इक्वेटर पुरस्कार’ मिळाला. दखल आली, पण धरणानंतर कितीतरी वर्षांनी.

१७/१८
३० जुलै २०१४ च्या पहाटे याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ माणसे गेली. बाहेरच्या जगाला हे कळले ते उपग्रहाने किंवा वृत्तसंस्थेने सांगितले म्हणून नव्हे. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला जेथे गाव असायचे तेथे गाव दिसले नाही आणि त्याने खबर दिली. नंतर कॅमेरे आले आणि काही दिवसांनी गेले. मागे वाद उरला : अतिवृष्टी, यंत्रांनी केलेले उताराचे सपाटीकरण, की जंगलतोड? हातांच्या पडकईत आणि यंत्राच्या सपाटीकरणात फरक काय, हे घाईच्या बातमीत मावत नव्हते. २०१७ च्या एप्रिलमध्ये नवे माळीण वसले. पहिल्याच पावसाळ्यात तेथील रस्ते खचल्याचे वृत्त आले. ते आले, कारण कोणीतरी तेथे पुन्हा गेले होते.

१८/१८
माळीणच्याच वर्षी, डिसेंबर २०१४ मध्ये, पी. साईनाथ यांनी ‘पारी’, म्हणजे ग्रामीण भारताचे लोकसंग्रहालय, सुरू केले. मराठीसह अनेक भाषांत ते निघते. २०१७ पासून त्यावर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या प्रसिद्ध होऊ लागल्या. बायांनी पहाटे दळताना सांगितलेली ही संसाराची, नवऱ्याची, पावसाची, भीमरायाची वार्ता. तिला ना तारेचा खर्च लागला ना छापखाना. फक्त ऐकून घेणारे कोणी हवे होते.

इतिहासाच्या तरुण वाचकाने येथून काय न्यावे? ओतूरचे पत्र टिकले, कारण कोणीतरी ते जपले. डिंभेच्या पाण्याखालील गावांची नावे, हद्दी, देवस्थाने ज्यांना तोंडपाठ आहेत, ती माणसे आज साठी-सत्तरी ओलांडलेली आहेत. पुढच्या सुट्टीत शिवनेरी चढून उतरलात, की तासाभराची वाट वाकडी करा. वही सोबत न्या, सांगणाऱ्याची परवानगी घ्या, तारीख आणि गाव न चुकता लिहा. सावित्रीबाईंनी पत्रावर दोन्ही लिहिले होते, म्हणून आज दीडशे वर्षांनी आपण सांगू शकतो की त्या एप्रिलमध्ये ओतूरला काय घडत होते.